जायंट स्पायडर : उडत नाही, तरी आकाश अडवतो

चार मॅना, म्हणजे कार्ड टाकायला मोजायची किंमत, कोपऱ्यात 2/4 आणि मजकुराच्या चौकटीत एकच शब्द : रीच. मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ नुकताच खेळायला लागलेला माणूस जायंट स्पायडर पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्याला त्यात घेण्यासारखं काही दिसत नाही. तेवढ्याच चार मॅनात लाल रंगाचा हिल जायंट 3/3 मिळतो, म्हणजे दर फटक्याला एक जास्त. तरीही 5 ऑगस्ट 1993 ला आलेल्या खेळाच्या पहिल्याच संचात, अल्फात, हा कोळी होता. पुढे वर्षानुवर्षं मूळ संचांमध्ये तो पुन्हा पुन्हा छापला गेला आणि त्याची किंमत व त्याचे आकडे तसेच राहिले. हे का, ते कळलं की या खेळात हल्ला आणि बचाव कसा चालतो ते बरंचसं कळतं.

आधी कार्ड वाचू. वर उजवीकडे करड्या वर्तुळात 3 आणि शेजारी हिरव्या झाडाचं चिन्ह आहे. अर्थ असा की तीन मॅना कुठल्याही रंगाचे चालतील, चौथा मात्र हिरवाच हवा. मॅना लँडमधून येतो. लँड टॅप केलं, म्हणजे आडवं केलं, की एक मॅना मिळतो. एका टर्नमध्ये एकच नवं लँड टाकता येत असल्याने हा कोळी साधारण चौथ्या टर्नला टेबलावर येतो. खाली उजवीकडच्या 2/4 मधला पहिला आकडा पॉवर, म्हणजे हे क्रीचर (लढणाऱ्या प्राण्याचं कार्ड) किती मारतं तो. दुसरा टफनेस, म्हणजे एका टर्नमध्ये किती मार बसला की ते मरतं तो. ‘एका टर्नमध्ये’ हे शब्द महत्त्वाचे. टर्न संपला की लागलेला मार पुसला जातो. तीन मार खाऊन वाचलेला कोळी पुढच्या टर्नला पुन्हा पूर्ण चारचा असतो. नवखे खेळाडू मार साठवत जातात आणि दोन टर्नांत मिळून चार झाले म्हणून कोळी ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात, टाकतात. ही चूक फार वेळा होते.

रीच म्हणजे नेमकं काय

ज्या क्रीचरवर फ्लाइंग लिहिलेलं असतं, त्याला फ्लाइंग असलेलं किंवा रीच असलेलं क्रीचरच ब्लॉक करू शकतं, म्हणजे त्याचा हल्ला अडवू शकतं. जमिनीवरची बाकी फौज कितीही मोठी असो, डोक्यावरून जाणाऱ्याकडे ती नुसती बघत राहते. निळा आणि पांढरा रंग उडणाऱ्यांनी भरलेले असतात. हिरव्याकडे मोठी जनावरं भरपूर, पण पंख असलेली फार थोडी. ही हिरव्याची ठरवून ठेवलेली उणीव आहे आणि तिच्यावर जो उतारा दिला आहे तो म्हणजे कोळी.

कल्पना निसर्गातून उचललेली आहे. सह्याद्रीतल्या जंगलात पावसाळ्याच्या शेवटी दोन झाडांच्या मधोमध, पायवाटेच्या बरंच वर, जायंट वुड स्पायडरचं सोनेरी झाक असलेलं जाळं दिसतं. मधोमध हाताच्या पंजाएवढी मादी बसलेली असते. ती जागची हलत नाही आणि उडणारं आपणहून येऊन अडकतं. मराठीत तर जाळं विणणारा तो कोळी आणि समुद्रात जाळं टाकणारा तोही कोळीच, त्यामुळे रीच ही संकल्पना आपल्याला एका शब्दात कळायला हरकत नाही. जो जाळं लावून वाट बघतो, तो.

अल्फामधल्या कार्डावर रीच हा शब्द नव्हता. हा कोळी उडत नाही, पण उडणाऱ्या क्रीचरना ब्लॉक करू शकतो, असं सरळ वाक्य तिथे होतं. नंतरच्या छपाईत ‘जणू फ्लाइंग असल्याप्रमाणे ब्लॉक करू शकतो’ अशा धाटणीचं वाक्य आलं. 2007 साली फ्यूचर साइट संचात रीच हा एकच शब्द ठरला आणि त्याच वर्षीच्या टेन्थ एडिशनपासून जायंट स्पायडरवरही तोच छापला जाऊ लागला. शब्द बदलला, काम तेच राहिलं.

अल्फाच्या वाक्यातला पहिला अर्धा भाग मात्र आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे : हा कोळी उडत नाही. रीच म्हणजे अर्धं फ्लाइंग असं समजणाऱ्यांचा इथेच घोळ होतो. कोळ्याने हल्ला केला तर समोरचं कुठलंही साधं क्रीचर त्याला ब्लॉक करू शकतं, कारण हल्ल्यात रीचचा काहीच उपयोग नाही. प्लमेट हे कार्ड उडणाऱ्या क्रीचरचा नाश करतं, पण कोळ्यावर ते रोखताच येत नाही. हरिकेन हे कार्ड सगळ्या उडणाऱ्यांना आणि दोन्ही खेळाडूंना मार देतं. तुमचे कोळी त्यातून सुखरूप सुटतात, म्हणूनच जुन्या हिरव्या डेकमध्ये, म्हणजे खेळायला घेतलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात, ही दोन कार्डं शेजारी शेजारी नांदायची. उलट अर्थक्वेक न उडणाऱ्यांना मार देतं आणि त्यात कोळी सापडतो.

जमिनीवरून येणाऱ्यांना कोळी नेहमीप्रमाणे ब्लॉक करू शकतो, हेही सांगायला हवं. फक्त उडणाऱ्यांनाच अडवतो असा समज करून घेऊन जमिनीवरच्या 2/2 ला वाट करून देणारे खेळाडू दिसतात.

चारचा आकडा

आता या कार्डाच्या गाभ्याकडे येऊ. पॉवर दोन असल्याने कोळी कमजोर वाटतो, पण त्याचा सगळा जीव टफनेसच्या चारमध्ये आहे.

लाल रंगाचं सगळ्यात प्रसिद्ध स्वस्त कार्ड लाइटनिंग बोल्ट. एक मॅना, तीन मार. हिल जायंट त्यात जातो, कोळी उरतो. शॉक एका मॅनात दोन मार देतो. तोही एकटा पुरत नाही. म्हणजे चार मॅना खर्चून आणलेलं कार्ड समोरचा एका मॅनात उडवून देईल, ही भीती इथे बरीच कमी होते.

उडणाऱ्यांत स्वस्त आणि सर्रास दिसणारी क्रीचर 2/2 किंवा त्याच्या आसपासची असतात. विंड ड्रेक घ्या. तीन मॅना, 2/2, फ्लाइंग. खेळाडूचे प्राण 20 असतात, म्हणजे ड्रेकला कुणी अडवलं नाही तर दर टर्नला दोन याप्रमाणे दहा टर्नांत खेळ संपतो, आणि दोन ड्रेक असतील तर पाचच टर्नांत. कोळी टेबलावर आला आणि ड्रेकने हल्ला केला, तर कोळ्याचे दोन ड्रेकला पुरतात आणि ड्रेकचे दोन कोळ्याला पुरत नाहीत. म्हणून समजूतदार खेळाडू ड्रेकने हल्ला करतच नाही. बसल्या जागी कोळ्याने दर टर्नला दोन प्राण वाचवले, आणि तेही कुणाला न मारता. या कार्डाची किंमत करताना न झालेले हल्ले मोजायचे असतात. नवख्यांना ते दिसत नाहीत, म्हणून कार्ड कमी लेखलं जातं.

सेरा एंजल आली की हिशेब बदलतो. ती 4/4, फ्लाइंग आणि व्हिजिलन्स असलेली, म्हणजे हल्ला करूनही टॅप न होणारी. एकट्या कोळ्याने तिला ब्लॉक केलं तर कोळी मरतो आणि एंजलला दोनच लागतात. दोन कोळ्यांनी मिळून ब्लॉक केलं तर चार मार बसून एंजल मरते आणि तुमचा एक कोळी जातो. पाच मॅनाच्या कार्डाच्या बदल्यात चार मॅनाचं गेलं, सौदा चांगला आहे.

या दुहेरी ब्लॉकमध्ये नोव्हेंबर 2024 च्या फाउंडेशन्स संचाबरोबर एक नियम बदलला आहे आणि जुन्या सवयीचे खेळाडू त्यात अडखळतात. पूर्वी हल्ला करणाऱ्याला ब्लॉकर्सचा क्रम आधी सांगावा लागे, आणि पहिल्याला मरण्याइतका मार दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नसे. समजा, क्रमात पहिल्या असलेल्या कोळ्यावर तुम्ही जायंट ग्रोथ टाकलं. त्या टर्नपुरतं +3/+3 मिळून तो 5/7 झाला. एंजलचे चारही त्याच्यावरच खर्च व्हायचे आणि दोन्ही कोळी वाचायचे. आता क्रम सांगायचाच नसतो. मार देण्याच्या क्षणी हल्ला करणारा तो हवा तसा वाटू शकतो. तुम्ही एका कोळ्याला मोठं केलंत, तर तो चारही दुसऱ्यावर टाकेल आणि दुसरा मरेल. एंजल तरीही मरते, पण दोन्ही कोळी राखण्याची जुनी युक्ती गेली. हातात जायंट ग्रोथ असेल तर एकाच कोळ्याने ब्लॉक करणं आता जास्त फायद्याचं. 5/7 कोळी एंजलला मारतो आणि स्वतः वाचतो, दुसरा कोळी धोक्यात येतच नाही.

जायंट ग्रोथसारख्या कार्डांबरोबर कोळ्याची जोडी इतकी का जमते, तेही या चारमध्येच आहे. या खेळात नंतर टाकलेलं कार्ड आधी लागू होतं. तुम्ही 2/2 ग्रिझली बेअर्सवर जायंट ग्रोथ टाकता, समोरचा त्यावर लाइटनिंग बोल्ट टाकतो, बोल्ट आधी लागतो, अस्वल मरतं आणि ग्रोथ वाया जातं. त्याच्या एका कार्डापायी तुमची दोन गेली. कोळ्यावर हेच झालं तर बोल्टचे तीन लागूनही तो जिवंत, मागून ग्रोथ लागू होतं आणि 5/7 कोळ्याला अजून तीन मार सोसण्याची जागा उरते. फक्त एंजल समोर असेल तर हिशेब नीट करा. बोल्टचे तीन आणि एंजलचे चार मिळून सात होतात, आणि सात म्हणजे कोळी गेला. बोल्टऐवजी शॉक असता तर एकने वाचला असता.

ब्लॉकची वेळ

सगळ्यात जास्त वाद होतात ते वेळेवरून. कॉम्बॅटचे टप्पे असे चालतात : कॉम्बॅटची सुरुवात, मग कोण हल्ला करतंय ते जाहीर, मग कोण कुणाला ब्लॉक करतंय ते जाहीर, मग मार, मग शेवट. रीच आणि फ्लाइंग तपासलं जातं ते फक्त तिसऱ्या टप्प्यात, ब्लॉक जाहीर होतानाच्या क्षणी. त्या क्षणाआधी काय झालं ते मोजलं जातं, नंतरचं नाही.

यातून बऱ्याच गोष्टी निघतात. कोळ्याने ब्लॉक जाहीर केल्यावर समोरच्याने त्याच्यावर डूम ब्लेड टाकून त्याला मारलं, तरी हल्ला करणारं क्रीचर ‘ब्लॉक झालेलं’च राहतं. कोळी गेला, पण तुमचे प्राण वाचले. हल्ला करणाऱ्याला ट्रॅम्पल, म्हणजे ब्लॉकरला पुरून उरलेला मार खेळाडूला देण्याची क्षमता, असेल तरच मार आत येतो. म्हणून अनुभवी खेळाडू कोळ्याला ब्लॉकच्या आधी मारतो आणि मग उडणाऱ्यांनी हल्ला करतो. तसंच आयसी मॅनिप्युलेटरसारख्या टॅप करणाऱ्या कार्डाचं. टॅप झालेलं क्रीचर ब्लॉक करू शकत नाही, पण आधीच ब्लॉक केलेल्या कोळ्याला टॅप केल्याने काही साधत नाही. ब्लॉक टिकतो आणि कोळी मारतोही. हल्ला करणाऱ्याला ते कार्ड ब्लॉक जाहीर होण्याआधीच वापरावं लागतं. जंप हे एका निळ्या मॅनाचं कार्ड क्रीचरला टर्नपुरतं फ्लाइंग देतं. ब्लॉकच्या आधी टाकलं तर तुमच्या दहा क्रीचरपैकी फक्त कोळी कामाचा उरतो, नंतर टाकलं तर काहीही बदलत नाही.

नवीन आलेलं क्रीचर पहिल्या टर्नला हल्ला करू शकत नाही, पण ब्लॉकवर असं बंधन नाही. तुमच्या टर्नला टाकलेला कोळी समोरच्याच्या लगेच पुढच्या टर्नला जाळं लावून तयार असतो.

स्वतःच्या टर्नला कोळ्याने हल्ला करण्याचा मोह मात्र जपून. हल्ला केला की तो टॅप होतो आणि तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीलाच उभा राहतो. मधल्या समोरच्याच्या टर्नला आकाश मोकळं. समोर दोन ड्रेक असतील तर तुम्ही दोन मार दिलेत आणि चार घेतलेत. समोर उडणारं काही नसेल आणि जमिनीवर तुमची बाजू भक्कम असेल, तेव्हा खुशाल हल्ला करा.

रीच कुठे कमी पडतो

रीच फक्त फ्लाइंगची अडचण दूर करतो, बाकी अटी तशाच राहतात. ‘ब्लॉक करता येत नाही’ असं लिहिलेल्या क्रीचरपुढे कोळी हतबल आहे. मेनेस असलेल्याला दोन किंवा जास्त क्रीचर मिळूनच ब्लॉक करू शकतात. तो उडणारा असेल तर ते दोघंही फ्लाइंग किंवा रीचवालेच हवेत. 6/6 फ्लाइंग आणि ट्रॅम्पल असलेल्याला कोळ्याने अडवलं तर चार कोळ्याला देऊन उरलेले दोन तुमच्यापर्यंत येतात.

आणि प्रोटेक्शन. हिरव्यापासून प्रोटेक्शन असलेल्या क्रीचरला हिरवं क्रीचर ब्लॉक करू शकत नाही. स्वोर्ड ऑफ फीस्ट अँड फॅमिन ही तलवार ज्याला लावली त्याला +2/+2 आणि काळ्या-हिरव्यापासून प्रोटेक्शन मिळतं. ती विंड ड्रेकच्या हाती दिली की तो 4/4 होतो आणि तुमचे सगळे कोळी जाळ्यात बसल्या बसल्या त्याला जाताना पाहतात. इथे उपाय ब्लॉकचा नाही. तलवार हे आर्टिफॅक्ट आहे, ते फोडणारं हिरवं कार्ड डेकमध्ये असायला हवं.

डेकमध्ये किती

पाकिटं उघडून जागेवर बांधायच्या 40 कार्डांच्या डेकमध्ये साधारण 17 लँड आणि 23 बाकीची कार्डं ठेवतात. चौथ्या टर्नला, आपण आधी खेळत असू तर, दहा कार्डं पाहिलेली असतात. त्यात किमान चार लँड असण्याची शक्यता 100 पैकी 71 च्या आसपास येते. दुसरे खेळत असू तर अकरा कार्डं पाहून झालेली असतात आणि शक्यता 80 वर जाते. म्हणजे तीन-चार खेळांतून एकदा कोळी वेळेवर येणार नाही हे धरूनच चालायचं, आणि दोन-तीन मॅनाची क्रीचर पुरेशी ठेवायची. दुरंगी डेकमध्ये 17 पैकी 9 फॉरेस्ट, म्हणजे हिरवा मॅना देणारी लँड, असतील तर पहिल्या दहा कार्डांत एक तरी फॉरेस्ट असण्याची शक्यता 95 आहे. एकच हिरवा मॅना मागणारा कोळी म्हणूनच दुरंगी डेकला झेपतो. दोन हिरवे मागणाऱ्याचं तसं नाही.

अशा डेकमध्ये एक-दोन जायंट स्पायडर पुरे. तीन-चार झाले की बचाव भक्कम होतो, पण दोन-दोनच्या फटक्यांनी खेळ संपवणार कधी? तो संपवण्यासाठी पाच-सहा मॅनाची मोठी जनावरं हवीत. कोळी त्यांना यायला वेळ मिळवून देतो. 60 कार्डांच्या डेकमध्ये एका नावाची चारच कार्डं चालतात. तिथे एकही कोळी सुरुवातीला न घेता दोन-तीन साइडबोर्डमध्ये, म्हणजे दोन खेळांच्या मध्ये बदलायच्या राखीव कार्डांत, ठेवायचे, आणि पहिल्या खेळात समोर पंख दिसले की दुसऱ्या खेळात आत आणायचे, हे शहाणपणाचं.

बाकीचे कोळी

1997 च्या टेम्पेस्टमधला कॅनपी स्पायडर दोन मॅनाचा, 1/3. लवकर येतो, पण ड्रेकला मारू शकत नाही. 2009 मधला डेडली रिक्लूस दोन मॅनाचा 1/2 आहे आणि त्याला रीचबरोबर डेथटच मिळाला आहे. त्याने कितीही थोडा मार दिला तरी समोरचा मरतो. सेरा एंजलसुद्धा त्याच्यावर चालून यायला कचरते. पण शॉकनेच काय, एकाच टर्नमध्ये एका मारानंतर आणखी एकानेही तो जातो, म्हणून तो बहुधा एकाच्या बदल्यात एक असा व्यवहार करतो, तर जायंट स्पायडर टिकून राहतो. 2006 च्या टाइम स्पायरलमधला पेनम्ब्रा स्पायडर, दोन हिरवे आणि दोन कुठलेही, तसाच 2/4. तो मेला की मागे काळा 2/4 कोळी टोकन म्हणून, म्हणजे कार्डाशिवाय नुसत्या खुणेने दाखवलेलं क्रीचर म्हणून, उरतो, तोही रीचसकट. समोरच्याला एका कार्डासाठी दोनदा झगडावं लागतं. 2012 मधला सेंटिनल स्पायडर पाच मॅनाचा 4/4. त्याला व्हिजिलन्स असल्याने हल्ला करूनही तो ब्लॉकसाठी उभा राहतो, म्हणजे वर सांगितलेली मोठी अडचणच मिटते. 2002 चा सिल्कलॅश स्पायडर पाच मॅनाचा, 2/7. दोन हिरवे आणि वर हवे तितके मॅना भरले की तेवढा मार प्रत्येक उडणाऱ्या क्रीचरला बसतो. सहा लँड असतील तर चार, म्हणजे सगळ्या सेरा एंजल एकदम खाली. त्यासाठी कोळी टॅपही करावा लागत नाही. तुमचं स्वतःचं उडणारं क्रीचर मात्र त्यातून सुटत नाही.

सगळ्यात गुंतागुंतीची आहे 2016 च्या एल्ड्रिच मूनमधली इश्काना, ग्राफविडो. पाच मॅना, 3/5, रीच. ती टेबलावर आली आणि तुमच्या ग्रेव्हयार्डमध्ये चार किंवा अधिक प्रकारची कार्डं असली, तर 1/2 रीचची तीन कोळ्यांची टोकन मिळतात. या अटीचं नाव डेलिरियम. इथे कार्डांची संख्या मोजायची नसते, प्रकार मोजायचे असतात : लँड, क्रीचर, इन्स्टंट, सॉर्सरी, आर्टिफॅक्ट, एन्चांटमेंट, प्लेन्सवॉकर वगैरे. पाच इन्स्टंट पडलेली असली तरी प्रकार एकच. उलट एक आर्टिफॅक्ट क्रीचर पडलं असेल तर त्या एका कार्डाचे दोन प्रकार धरले जातात, म्हणून असं एखादं स्वस्त कार्ड डेकमध्ये घालणं सोयीचं पडतं. इश्काना स्वतः टेबलावर असल्याने तिचा प्रकार मोजला जात नाही.

अट दोनदा तपासली जाते. इश्काना आली त्या क्षणी एकदा आणि टोकन प्रत्यक्ष तयार होताना पुन्हा एकदा. मधल्या फटीत समोरच्याने तुमच्या ग्रेव्हयार्डमधलं एखादं नेमकं कार्ड बाहेर काढलं आणि प्रकार तीनवर आले, तर टोकन येत नाहीत. ग्रेव्हयार्डला हात घालणारी कार्डं समोर दिसली असतील तर चारवर न थांबता पाच प्रकार जमेपर्यंत इश्कानाला हातात ठेवा. तिची दुसरी क्षमता सात मॅनाची आहे, त्यातला एक काळा. ती वापरली की तुमच्याकडे जितके कोळी तितके प्राण समोरचा गमावतो, आणि इश्काना व तीन टोकन मिळून ते चार होतात. मजकुरात हे काळं चिन्ह असल्यामुळे 100 कार्डांच्या कमांडर या खेळप्रकारात इश्कानाला डेकची म्होरकी म्हणून नेमलं, तर डेकमध्ये हिरव्याबरोबर काळी कार्डंही घेता येतात, आणि पेनम्ब्रा, सिल्कलॅश, रिक्लूस यांच्या रांगेत एक जायंट स्पायडरही बसतो.